कॉलेजात शिकून ट्रेडिंग जमतं का, की सरळ एखादा क्लास लावावा?

बारावी कॉमर्स झालीय म्हणतोस, घरचे बीएफएमला (फायनान्शियल मार्केट्सची तीन वर्षांची डिग्री) ऍडमिशन घे म्हणतायत आणि तुला वीकेंडचा ट्रेडिंग क्लास लावायचाय. वयाने मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. मी बीएफएमच केलंय, मुंबई युनिव्हर्सिटीचं, आणि आमच्याकडे दर गणपतीत जेवणं आटपली की हाच वाद निघतो, म्हणून लिहायला बसलो.

ट्रेडिंग कॉलेजात शिकवत नाहीत. तीन वर्षांत एकाही सरांनी 'इथे घे, इथे वीक' सांगितलं नाही. मार्जिन (सौद्यासाठी ब्रोकरकडे ठेवायची रक्कम), सेटलमेंट (सौद्याचा शेवटचा हिशोब), बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचे नियम, हेच सगळं. एका सरांनी तर कमोडिटीच्या लेक्चरला क्रूड ऑइलच्या वायद्याचं, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याच्या कराराचं, स्पेसिफिकेशन ओळन् ओळ वाचून घेतलं होतं, आम्ही मागच्या बाकावर अर्धे झोपेत. मी ते पाठ केलं, पेपरात लिहिलं, मार्क पडले, विषय संपला.

माझ्या आतेभावाने, त्याला मी दादा म्हणतो, दोन वीकेंडचा क्लास केलेला, २५ हजार भरून. चार्टवरचं कॅंडल, सपोर्ट, रेझिस्टन्स सगळं तोंडपाठ. २० एप्रिल २०२०, सोमवार, लॉकडाऊन. एमसीएक्स, म्हणजे आपला कमोडिटीचा बाजार, तेव्हा संध्याकाळी ५ लाच बंद व्हायचं. पाचला दहा मिनिटं असताना याचा फोन, क्रूड हजाराच्या खाली आलंय रे, आज एक्स्पायरी (वायद्याचा शेवटचा दिवस) आहे, एक लॉट घेतो, रात्री अमेरिकेत वर गेलं की झालं काम, फार तर काय होईल? मी, डिग्रीवाला, चहाचा घोट घेत म्हणालो, 'फार तर शून्य होईल. १०० बॅरलचा लॉट, लाखभर जातील.' तेवढे त्याच्या खात्यात होते. ९७० ला घेतला.

आपला बाजार बंद झाला पण भाव ठरणार होता न्यूयॉर्कच्या बंद भावावरून, आणि तिकडे लोकांना तेल नको होतं, गाड्या बंद, विमानं बंद, ओक्लाहोमातल्या कुशिंगच्या टाक्या भरत आलेल्या, त्यामुळे ज्यांच्या गळ्यात वायदा होता ते वर पैसे देऊन तो काढून टाकायला लागले. आपल्याकडे रात्रीचे १२ वाजले तेव्हा तिकडे भाव लागला उणे ३७.६३ डॉलर. एमसीएक्सने आधी तात्पुरता १ रुपया दर लावला होता, दादा म्हणाला चल, लाखावर सुटलो. दुसऱ्या दिवशी फायनल दर आला, उणे २,८८४ रुपये. ९७० पासून तिथपर्यंत गुणिले १०० कर. ३ लाख ८५ हजार! ब्रोकरचे फोनवर फोन. शेवटी एफडी मोडून भरले आणि आत्या वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही.

दादाचं म्हणणं, तुझ्या तीन वर्षांच्या डिग्रीचा काय उपयोग झाला? अरे पण न्यूयॉर्कचा भाव रुपयात करून सेटलमेंट होते हे माझ्या वहीत होतं! भाव शून्याखाली जाऊ शकतो म्हणून अमेरिकेतल्या एक्स्चेंजने आधीच सिस्टिमची तयारी केली होती, तेही वाचणाऱ्याला दिसलं असतं. कॉलेजने शिकवलं होतं, मी शिकलो नव्हतो. त्याच्या २५ हजारांच्या नोट्समध्ये सेटलमेंट हा शब्दच नाही, मी पानं उलटून बघितलीत.

तर ऍडमिशन घे. सोबत एनआयएसएमची (सेबीची शिक्षणसंस्था) इक्विटी डेरिव्हेटिव्हची, म्हणजे शेअरच्या वायदे-ऑप्शनची, परीक्षा दे, १०० पैकी ६० ला पास, निगेटिव्ह मार्किंग आहे, अंदाजपंचे चालत नाही. आणि ऑप्शनमध्ये लगेच उडी मारू नकोस. सेबीनेच २०२४ मध्ये सांगितलंय की मागच्या ३ आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स म्हणजे वायदे, आणि ऑप्शन) करणाऱ्या साध्या लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सगळ्यांचे मिळून १.८ लाख कोटींच्या वर. त्यातले किती जण क्लास करून आले असतील, तूच विचार कर.

हां, एक राहिलं. मी स्वतः ट्रेडिंग करत नाही. ब्रोकरकडे रिस्क डेस्कला आहे, मार्जिन कमी पडलं की लोकांच्या पोझिशन (चालू सौदे) कापतो, त्याचा पगार मिळतो. त्यामुळे रोज बाजारातून पैसे काढायचे हेच डोक्यात असेल तर बीएफएमची ३ वर्षं तुला कंटाळवाणी वाटतील. सगळेच क्लासवाले भामटे असतात असंही नाही, चार्ट वाचायला मी दादाकडूनच शिकलो. (हे त्याला सांगू नये.)

क्लास लावायचाच असेल तर आधी डेमोला जाऊन बस आणि सरांना विचार, क्रूडच्या एक्स्पायरीला शेवटचा भाव कुठून येतो. नीट उत्तर मिळालं तर त्या क्लासचं नाव मला कळव, या गणपतीच्या आत दादाची माफी मागून टाकतो.