नवी बॅटरीही उतरते, मग चूक कुठे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही, नुसतं टक-टक वाजतं. बॅटरी दोनच महिन्यांपूर्वी बदलली. चार्जिंगही तपासलं, ठीक आहे म्हणतात. आता काय बघू?

उत्तर : दुसरी बॅटरी मुळीच घेऊ नका. चावी काढल्यावरही एखादं सर्किट करंट खात असणार. तो करंट किती आणि कुठून जातो, हे मोजता येतं.

आधी मल्टिमीटरने (व्होल्ट-अँपिअर मोजायचं छोटं मीटर) चार्जिंगची खात्री स्वतः करा. गाडी रात्रभर उभी असताना भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 हवेत. नव्या गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं जनित्र, कॉम्प्युटरच्या हुकमाने चालतो, त्यामुळे आकडा मधूनच खाली येतो. हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा पाहा.

आता गळती. बॉनेट उघडा आणि ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल. (दार लावण्याआधी हँडल ओढून लॅच मोकळं करायला विसरू नका, नाहीतर ते मोडेल.) बॉनेटच्या लॅचला स्विच असेल तर तेही तसंच दाबा. चावी गाडीपासून लांब ठेवा. मीटरची लाल पिन 10 अँपिअरच्या भोकात घाला. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याच्या केबलचा क्लॅम्प यांना आधी एका जोडवायरने जोडा, मगच क्लॅम्प काढा. मीटरची एक पिन टर्मिनलला, दुसरी क्लॅम्पला लावा. गाडीतले कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, झोपायला अर्धा-पाऊण तास घेतात. तेवढं थांबून जोडवायर सोडा. ती न लावता केबल काढली तर सगळी युनिट पुन्हा जागी होतात आणि तुम्ही भलताच करंट मोजत बसता. मीटर असा जोडलेला असताना इग्निशन लावू नका, सेल्फ तर नाहीच. मीटरचा फ्यूज उडतो.

50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नाही. 300 दिसले तर हिशेब सरळ आहे : दिवसाला 7.2 अँपिअर-तास. 45 अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत निम्मी रिकामी होते. तुमची तक्रार नेमकी हीच आहे.

यानंतर बरेच जण एकेक फ्यूज उपटत सुटतात. तसं करू नका, फ्यूज काढला-घातला की युनिट जागी होतात. फ्यूजच्या माथ्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन ठिपक्यांवर पिना टेकवा. शून्य दिसलं तर त्या फ्यूजमधून काहीच जात नाही. 10 अँपिअरच्या फ्यूजमधून 300 मिलिअँपिअर जात असतील तर साधारण 2 मिलिव्होल्ट दिसतील.

सर्वांत आधी संशय घ्यावा तो बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमचा. तिची पिवळी वायर कायमच्या प्लसला (चावी काढली तरी चालू राहणाऱ्या) आणि लाल वायर इग्निशनला जायला हवी. दोन्ही एकत्र पिळून कायमच्या प्लसला जोडल्या, तर ती सिस्टिम कधीच पूर्ण बंद होत नाही. मग बघा डिकीचा दिवा आणि चिकटलेला रिले (करंटने चालणारा स्विच). तासभर उभ्या गाडीत एखादा रिले हाताला कोमट लागला, तर त्याच्यावरच बोट ठेवा.

प्रश्न : ब्रेक दाबला की एका बाजूचा इंडिकेटर मिणमिणतो. बल्ब बदलले, फरक नाही.

उत्तर : त्या बाजूच्या टेल लॅम्पचं अर्थिंग गेलंय. करंटला परतीची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो. मीटरची काळी पिन बॉडीच्या उघड्या धातूला आणि लाल पिन होल्डरच्या अर्थ वायरला लावून ब्रेक दाबायला सांगा. 0.1 व्होल्टच्या आत हवं. दोन-तीन व्होल्ट आले की दोष सापडला. ही तपासणी ओहममध्ये करू नका. गंजलेली जोडणीही ओहममध्ये जवळपास शून्य दाखवते, पण 21 वॅटच्या बल्बचे पावणेदोन अँपिअर जायची वेळ आली की अडवते. अर्थचा बोल्ट काढून खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, मग वरून ग्रीस लावा. होल्डरचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर होल्डरच बदला.

प्रश्न : ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो.

उत्तर : ब्लोअरचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळालाय. चार नंबरला करंट त्याला वगळून थेट मोटरला जातो. पण नुसता रेझिस्टर बदलून थांबू नका. तो हवेच्या वाटेत बसतो आणि त्याच हवेने थंड होतो. केबिन फिल्टर तुंबलेला किंवा मोटर जड फिरत असेल, तर नवाही जळेल. कनेक्टरच्या पिना काळ्या पडल्या असतील तर तोही बदला. ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत मात्र रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं.

प्रश्न : 10 अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो. 15 चा घातला तर?

उत्तर : नको! लाल (10 चा) काढून निळा (15 चा) घातलात तर फ्यूजऐवजी वायर जळेल. फ्यूजच्या जागी दोन वायरींनी 21 वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि करंट त्याच्यापुरताच राहील. मग वायरिंग हलवत जा, विशेषतः दारातल्या रबरी नळीत आणि डिकीच्या बिजागरीजवळ; तिथे रोजच्या उघडझापीने आवरण फाटतं. बल्ब मंदावला की जागा सापडली. एअरबॅगच्या सर्किटवर, म्हणजे बहुधा पिवळे कनेक्टर असतात तिथे, हा प्रयोग करायचा नाही.