चढत नाही, हीच काळजीची गोष्ट आहे

तुमचा प्रश्न असा: वडील व्यसनी होते, पण तुम्हाला चार पेग घेऊनही काही होत नाही, ऑफिसातला जपानी सहकारी मात्र अर्ध्या बिअरमध्ये लालबुंद होतो. म्हणजे तुमची जनुकं चांगली, बरोबर ना? माझ्या मते नेमकं उलट.

आधी त्या लालबुंद गड्याचं. यकृतात दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष होतं, मग निरुपद्रवी ॲसिटेट. हे दुसरं काम एएलडीएच२ या विकराचं (एन्झाइमचं). पूर्व आशियात साधारण तिघांत एकाकडे त्याचा लुळा प्रकार असतो. विष साचतं, चेहरा तापतो, छाती धडधडते, मळमळतं. दारू सोडवण्यासाठी देतात त्या डायसल्फिरामच्या गोळीवर दारू घेतली की हेच होतं. आईबापांकडून या जनुकाच्या दोन्ही लुळ्या प्रती आलेल्यांत व्यसनी माणूस जवळपास सापडतच नाही.

एकच प्रत लुळी असेल तर? जपानमधल्या व्यसनी रुग्णांत असे लोक १९७९ साली २.५ टक्के होते, १९९२ साली १३ टक्के. तेरा वर्षांत जनुकं बदलत नाहीत, पिण्याच्या रीती बदलतात. शिवाय असं रेटून पिणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका बराच जास्त.

आपल्याकडे बहुतेकांना हा ब्रेक नसतोच. आता तुमचं. अमेरिकेत सॅन दिएगोत डॉ. मार्क शुकिट यांनी विशीतल्या तरुणांना मोजून दारू दिली आणि ते उभ्याउभ्या किती डुलतात हेसुद्धा मोजलं. दहाएक वर्षांनी पाहिलं, तर व्यसनी बापांच्या मुलांपैकी ज्यांना कमी चढली होती त्यांतले ५६ टक्के व्यसनात अडकले होते; ज्यांना पटकन चढली होती त्यांतले १४ टक्के. ज्याला उशिरा कळतं तो जास्त पितो, आणि मग बैठकही तशाच मंडळींची जमते. (‘कपॅसिटी आहे रे याची’ हे कौतुक ऐकलं की माझं डोकं फिरतं.)

‘घरात बघून मुलं शिकतात’ एवढ्यावरही हे भागत नाही. डेन्मार्कमध्ये लहानपणीच दत्तक गेलेल्या, आई किंवा बाप व्यसनी असलेल्या मुलांत व्यसन १८ टक्के निघालं, इतर दत्तक मुलांत ५ टक्के. तरी जनुकांचा वाटा सुमारे निम्माच धरतात.

म्हणून किती चढली ते बघू नका, किती ओतली ते मोजा. तुमचे चार पेग लार्ज असतील तर अख्खी क्वार्टर आणि वर एक पेग, म्हणजे जवळपास ८० ग्रॅम अल्कोहोल. डॉक्टरांकडे गेलात तर वडिलांचं आधी सांगा, ते विचारतील याची वाट बघू नका.