नाकाचे ट्रक आणि सपाट तोंडाचे ट्रक

प्रश्न : पीथमपूरच्या कारखान्यातून निघणारे ट्रक सपाट तोंडाचे, युरोपातलेही तसेच. अमेरिकेत मात्र लांब नाकाचे, म्हणजे पुढे बोनेट असलेले. असे का? शिवाय सपाट तोंडाच्या ट्रकची केबिन पुढे कलवताना काय जपावे?
– एक वाचक, लोहामंडी, इंदूर

उत्तर : हा सगळा कायद्याच्या फुटपट्टीचा खेळ आहे. युरोपात ट्रॅक्टर (ओढणारा पुढचा भाग) आणि ट्रेलर मिळून १६.५ मीटरची मर्यादा आहे. त्यातले १३.६ मीटर ट्रेलर घेतो. थोडे अंतर वळणासाठी सोडले की केबिनला जेमतेम सव्वादोन-अडीच मीटर उरतात. मग ड्रायव्हरला इंजिनच्या डोक्यावर बसवण्यावाचून इलाज नाही. अमेरिकेतही पूर्वी बऱ्याच राज्यांत एकूण लांबीवर बंधन होते आणि तेव्हा तिथेही सपाट तोंडे भरपूर दिसत. १९८२च्या कायद्याने मुख्य महामार्गांवर एकूण लांबीची अट काढली, मोजायचा तो फक्त ट्रेलर. तो आज ५३ फुटांचा, म्हणजे जवळजवळ युरोपातल्या अख्ख्या गाडीएवढा! नाक फुकट झाल्यावर कोण सोडेल? ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या मागे बसतो, धक्के कमी लागतात, बोनेट उघडले की इंजिन समोर. ऑस्ट्रेलियात दोन्ही तऱ्हा चालतात.

आपल्याकडेही पूर्वी बोनेटचे टाटा-मर्सिडीज होतेच. पण लोहामंडीच्या गल्लीत आखूड गाडी लवकर वळते आणि तेवढ्याच लांबीत माल जास्त मावतो. सपाट तोंड टिकले ते यामुळे.

आता केबिन. इंजिन तिच्या खाली असते, म्हणून तिथे पोचायला ती पुढे कलवावी लागते. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, चाकांना ठोकळे. आतली बाटली, स्टोव्ह, हत्यारे आधी काढा. नाहीतर पुढची काच गेलीच म्हणून समजा. दारे बंद हवीत. काही मॉडेलांत पुढची जाळी आधी उघडावी लागते. मग केबिन उचलणाऱ्या तेलाच्या पंपाचा व्हॉल्व्ह फिरवून केबिन पूर्ण कलेपर्यंत पंप मारा. तेल कमी असेल किंवा हवा शिरली असेल तर ती मध्येच अडकते. अशा वेळी खाली लोखंडी सळी टेकवून आत डोकावणारे महाभाग आहेत. सळी निसटली की माणूस गेला. तेल भरा, पुन्हा पंप मारा आणि केबिन पूर्ण कलून सुरक्षा-टेकू बसल्याशिवाय खाली जाऊ नका. उतरवल्यावर दोन्ही बाजूंचे लॉक पक्के लागलेत का ते हाताने तपासा आणि डॅशबोर्डवरचा केबिनचा दिवा विझला का ते पाहा. अर्धवट लागलेले लॉक इंदूरजवळच्या भेरूघाटाच्या उतारावर जोरात ब्रेक मारला की सुटते आणि केबिन पुढे उचलली जाते.