सन्मानपत्रात न मावलेलं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

भारतीय नौदलाचे कमांडर मोहन नारायण राव सामंत यांच्यावरचा तुझा लेख काल दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण लेख महावीरचक्रापासून सुरू होतो आणि महावीरचक्रापाशीच संपतो. मधला माणूस हाती लागत नाही. वार्षिक अंकाला द्यायच्या आधी त्यावर पुन्हा बस, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पदकाचं वर्णन तू छान केलं आहेस. चांदीचं गोल पदक, निम्मी पांढरी निम्मी केशरी फीत, हे सगळं बरोबर. ते राहू दे, पण शेवटाकडे ने. सुरुवात प्लासीपासून कर.

१९७१ च्या मार्चअखेर फ्रान्सच्या तूलाँ बंदरात पाकिस्तानची 'मांग्रो' ही पाणबुडी होती. तिच्यावरचे आठ बंगाली नौसैनिक निसटून भारतात पोचले. पुढे भागीरथीच्या काठी, प्लासीला, गुप्त छावणी उभी राहिली आणि तिथे मुक्तिवाहिनीचे, म्हणजे बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सेनेचे, चारशेच्या वर तरुण नौदल कमांडो तयार झाले. त्यात विद्यार्थी होते, शेतकऱ्यांची मुलं होती. नदीत पोहणं त्यांना नवं नव्हतं. शिकायचं होतं ते छातीपोटाशी लिंपेट सुरुंग, म्हणजे जहाजाला चिकटवायचे स्फोटक, बांधून, रात्रीच्या अंधारात, आवाज न करता पोहायला. या कामाची सूत्रं सामंतांकडे होती. ते पाणबुडीतले अधिकारी, १९६९ मध्ये सोव्हिएत संघातल्या रिगाला नौदलात दाखल झालेल्या 'करंज' पाणबुडीचे पहिले कप्तान.

सुरुंगाचा एक तपशील तुझ्या लेखात हवाच. त्यात पाण्यात विरघळणारी गोळी असे. ती विरघळली की सुरुंग उडे. पण मुलांना जहाजापर्यंत पोहायला वेळ लागायचा आणि गोळी त्याआधीच विरघळायची. मग तिच्यावर निरोध चढवला गेला. जहाजाला सुरुंग चिकटवताना तो काढून टाकायचा. हे वाचून वर्गात कुणी हसलं तर हसू दे, तू मात्र गाळू नकोस. १५ ऑगस्टच्या रात्री पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत जहाजं उडाली, ती अशा बारीक विचारामुळे. भरती-ओहोटीचं गणित चुकलं असतं तर ती मुलं परत आली नसती. या महिन्यांना पदक नाही, आणि माझ्या मते सामंतांचं सर्वांत मोठं काम हेच.

आता १० डिसेंबर. इथे तू एकाच वाक्यात उरकलं आहेस, ते मला खटकलं. सामंतांच्या हाताखालच्या ताफ्याच्या, फोर्स अल्फाच्या, चार छोट्या बोटी होत्या. 'पद्मा' आणि 'पलाश' या मूळ कलकत्ता पोर्ट ट्रस्टच्या बोटी, त्यांच्यावर बोफोर्स तोफा बसवून मुक्तिवाहिनीला दिलेल्या. सीमा सुरक्षा दलाची 'चित्रांगदा'. आणि आपल्या पनवेलचं नाव मिरवणारी नौदलाची 'पनवेल'. सुंदरबनाच्या अनोळखी नद्यांतून वाट काढत त्या मोंगल्यात अचानक शिरल्या आणि तिथून पुढे खुलन्याकडे वळल्या. खुलन्याजवळ वरून विमानं आली. 'पद्मा' आणि 'पलाश' बुडाल्या.

महावीरचक्राच्या सन्मानपत्रात हवाई हल्ला असा उल्लेख आहे. विमानं कुणाची, हे त्यात नाही. ती आपलीच होती. ओळख पटावी म्हणून बोटींचा वरचा भाग पिवळा रंगवलेला होता, तरी घात झाला. तू हे वाचलं असणार आणि लिहायला कचरली असणार. लिही. वैमानिकांना दोष न देता, पण स्पष्ट लिही. कारण ते लपवलं तर सामंतांनी पुढे काय केलं याची किंमतच कळत नाही. आपल्याच बाँबने होरपळलेली माणसं नदीत होती, काठावरून शत्रूचा मारा चालू होता, आणि 'पनवेल' त्यांना पाण्यातून वर घेत होती. त्याच सन्मानपत्रात खुलन्यावरच्या हल्ल्याच्या जोडीला हे वाचवणंही आहे. तिथेच थांब, लेखणी जरा सावकाश चालव.

'पनवेल'चे कप्तान लेफ्टनंट कमांडर जोसेफ नोरोन्हा यांनाही महावीरचक्र मिळालं. आणि लीडिंग सीमन चिमण सिंग यांनाही. ते स्वतः जखमी असताना बुडणाऱ्या दोघांना काठावर घेऊन आले, मग ते दोघे निसटावेत म्हणून एकटेच शत्रूवर धावून गेले आणि पकडले गेले. एवढ्याशा ताफ्याला तीन महावीरचक्रं! तुझ्या लेखात अधिकारी दोन ओळी व्यापतात आणि चिमण सिंग यांचं नावही नाही. हे दुरुस्त केल्याशिवाय लेख कुणाला दाखवू नकोस.

'पलाश'च्या इंजिनरूममध्ये मोहम्मद रुहुल अमीन होते. बोट सोडायला ते तयार झाले नाहीत. बांगलादेशाने त्यांना वीरश्रेष्ठ हा आपला सर्वोच्च शौर्यसन्मान दिला. असे वीरश्रेष्ठ सातच आहेत. एकाच दिवशी, एकाच नदीत लढलेल्या माणसांना दोन देशांनी आपापली पदकं दिली, हे तुला दुसरीकडे क्वचितच सापडेल.

नकाशा घेऊन बस. बंगालच्या उपसागरापासून पशुर नदीने वर जा, मोंगल्याला पेन्सिलने खूण कर, तिथून खुलन्यापर्यंत बोट फिरव. रूपशाच्या काठी अमीन यांची कबर आहे, तिथेही एक खूण कर. मग पहिला परिच्छेद नव्याने लिही आणि रविवारी घेऊन ये. चष्मा पुसून वाट बघतो.

तुझा,
सर