सूर्यातला प्लाझ्मा आणि रक्तातला प्लाझ्मा

अमळनेरच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे : वर्गात पदार्थाची चौथी अवस्था शिकवताना एका मुलीने हात वर केला, "बाई, प्लाझ्मा तर रक्तात असतो ना?" दोन्हींना एकच शब्द कसा, आणि मराठीत म्हणायचं काय?

मुलीची शंका अगदी रास्त आहे. रक्तातला प्लाझ्मा आधीचा. शब्द ग्रीक, मूळ अर्थ 'घडवलेली वस्तू'. एकोणिसाव्या शतकात शरीरशास्त्राने तो घेतला आणि पुढे रक्तपेशी ज्यात तरंगतात त्या पिवळसर द्रवाला तो चिकटला. १९२८ साली अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर विरळ वायूतून वीज सोडून प्रयोग करत होते. अशा वायूत अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात, मागे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, उरतात. रक्तद्रव जसा पेशी वाहून नेतो तसं हे माध्यम त्या कणांना वाहून नेतं, असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी त्याला प्लाझ्मा म्हटलं, ही त्यांच्या एका सहकाऱ्याची आठवण. म्हणजे दोन्ही प्लाझ्मांत नातं काही नाही, आहे ती उपमा.

मराठीत ही गल्लत होण्याचं कारणच नाही. रक्तातला तो 'रक्तद्रव', सूर्यातला तो 'आयनद्रायू'. द्रव आणि वायू मिळून 'द्रायू', म्हणजे जे जे वाहतं ते. मला हा शब्द फार आवडतो. फोड करून सांगितला की व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही : आयनांनी भरलेलं, वाहणारं.

'आयन'ची गंमत तर त्याहून मोठी. १८३४ साली फॅरेडेंनी तो ग्रीकमधून घेतला, अर्थ 'जाणारा'. संस्कृतात 'इ' धातू म्हणजे जाणे, त्यावरूनच उत्तरायणातलं 'अयन'. ग्रीक आणि संस्कृत धातू एकाच मुळाचे. संक्रांतीचा शब्द आणि भौतिकशास्त्राचा शब्द लांबचे का होईना, भाऊबंद निघाले!

'चौथी अवस्था' हे मात्र नाव म्हणून वापरू नये. १९९५ साली रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य तितक्या कमी तापमानाच्या, अगदी जवळ थंड करून बोस-आइन्स्टाइन संघनित ही आणखी एक अवस्था मिळवली, तिला लोक पाचवी म्हणू लागले. असे आकडे वाढतच जातात, आणि आकड्यावरून पदार्थ कसा आहे ते कळत नाही.

बोलताना खुशाल प्लाझ्मा म्हणा, फळ्यावर एकदा 'आयनद्रायू' फोडून लिहा. उदाहरणाला दूर जायला नको. मृगाच्या आधीच्या वादळात तुमच्याकडे "ईज पडनी" (वीज पडली) म्हणतात, तेव्हा आभाळातून जमिनीपर्यंत दिसणारी ती रेघ आयनद्रायूचीच असते, सूर्याच्या पृष्ठभागाहून कितीतरी तापलेली. पेटलेल्या ट्यूबलाइटमध्येही तोच असतो, पण तिथला वायू इतका विरळ की काच नुसती कोमट लागते. चुलीतला जाळ मात्र या उदाहरणांत घेऊ नका. त्यात आयन असतात, पण फार थोडे. आपल्याला दिसतो तो पिवळा उजेड तापलेल्या काजळीच्या कणांचा.