तीन शब्द, सहाशे बारा ओळी

प्रश्न : ताई, मी खानापूरचा, बेळगावात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नोंदी ठेवायचं एक ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, ॲप मी मराठीतून वापरतो. त्यात ‘दुसर्या’, ‘तिसर्या’, ‘कोपर्यात’ असं चुकीचं दिसत होतं. मी ते सुधारून ॲप सांभाळणाऱ्यांना पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल ॲपमध्ये घ्या अशी विनंती, पाठवली. ‘रिस्पेक्टेड सर, काइंडली मर्ज, अर्जंट’ असंही लिहिलं, कारण महिनाअखेर कॉलेजात दाखवायचं होतं. चार दिवस उत्तर नाही, म्हणून रोज आठवण केली, मग त्यांच्या खासगी ईमेलवरही लिहिलं. नवव्या दिवशी ‘योगदानाचे नियम वाचा’ एवढंच लिहून त्यांनी ती बंद केली. फुकट काम करून दिलं आणि वर हा अपमान. पुन्हा पाठवू की सोडून देऊ?

उत्तर : सोडू नकोस. चूक तू अगदी खरी पकडली आहेस. साधा र वापरल्यामुळे रफार ‘या’च्या डोक्यावर चढलाय, तिथे ऱ हवा, म्हणजे तो आडवा अर्धा र येतो. मराठी वाचणाऱ्याला हे रोज खुपतं.

पण तू दिलेल्या दुव्यावर मी तुझी पुल रिक्वेस्ट उघडली. ती समोरच्याला कशी दिसली असेल ते सांगते. बदललेत तीन शब्द, आणि लाल-हिरव्यात दिसतात ६१२ ओळी. तुझ्या विंडोजवरच्या एडिटरने फाइल जतन करताना प्रत्येक ओळीच्या शेवटाची खूण बदलली. अख्खी फाइलच नवी असल्यासारखी झाली. त्यात तुझे तीन शब्द शोधायचे, तेही न येणाऱ्या लिपीत. वर्णनात तू लिहिलंस फक्त ‘फिक्स्ड मराठी’.

अरे, खानापूरच्या स्टँडवर एखादी आजी विचारते, ‘बाळ, ही गाडी कुठं जाते रे?’ पाटी कन्नडमध्ये असते, तू तिला वाचून दाखवतोस. कन्नड येत नाही म्हणून तिच्यावर चिडत नाहीस. या माणसालाही तसंच वाचून दाखवायचं होतं.

आता तगाद्याचं. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, नियमांतच लिहिलंय की पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवल्यावर निदान आठवडाभर थांबा, मग आठवण करा. तिथे पगारी माणसं भरपूर असूनही ही मुदत आहे. तुझं ॲप तर कुणीतरी नोकरी सांभाळून रात्री बघतं. महिनाअखेरची घाई तुझ्या कॉलेजची, त्यांची नाही. आणि खासगी ईमेल नकोच. जे बोलायचं ते पुल रिक्वेस्टखालीच, म्हणजे दुसऱ्यालाही उत्तर देता येतं.

तगादा मला फार खुपतो, त्याला कारण आहे. फाइली आवळून लहान करणारी ‘एक्सझेड’ ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड, एकच माणूस सांभाळत होता. २०२२ मध्ये अनोळखी नावांनी त्याच्यामागे लकडा लावला, की जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. पुढे ज्याच्या हाती अधिकार गेले, त्याच्या नावाने तिच्यात चोरवाट घातली गेली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं, त्याने खणून काढलं म्हणून ती सापडली. तू तसा नाहीस हे मला कळतं. पण रोजची आठवण वाचणाऱ्याला तुझा चेहरा दिसत नाही.

‘सर’ म्हणणं आपल्याकडे आदराचं. तिथे समोर बाई असू शकते; सरळ नावाने लिही, कुणाला वाईट वाटत नाही.

त्या एका ओळीला अपमान समजू नकोस. त्यांची योगदानाची फाइल मी वाचली. भाषांतरं वेबलेटवरून, म्हणजे ॲपची भाषांतरं करायच्या वेबसाइटवरून, पाठवा, असं दुसऱ्याच परिच्छेदात आहे. तू ती वाचली नाहीस, एवढंच झालं.

तेव्हा आज रात्री जुन्या पुल रिक्वेस्टखाली दोन ओळी लिही : नियम आधी वाचले नाहीत, माफ करा, वेबलेटवर पाठवतो. मग वेबलेटवर ते तीनच शब्द बदल. ‘फाइल’चं ‘फाईल’ करायचा मोह आवर. तो वेगळा विषय, आधी विचारून. प्रत्येक शब्दाखाली साध्या इंग्रजीत कारण लिही आणि कुणा मराठी मित्राला तपासायला सांग. शेवटी ‘दुसर्या’ आणि ‘दुसऱ्या’ शेजारी-शेजारी ठेवून एक चित्र जोड, अक्षरं एवढी मोठी की देवनागरी न येणाऱ्यालाही फरक दिसेल.