सोरिनो म्हणजे उदमांजर का?

प्रश्न असा: अर्जेंटिनाच्या प्रवासवर्णनाचा अनुवाद चालू आहे, त्यात काळ्या अंगावर दोन पांढरे पट्टे असलेला 'झोरिनो' येतो. त्याला 'उदमांजर' म्हटलं तर चालेल का?

नको. सोरिनो म्हणजे स्कंक, घाण वासाची पिचकारी मारणारा अमेरिकेतला प्राणी. मात्र ही गफलत जुनी आहे. चिलीचे जेसुइट पाद्री हुआन इग्नासिओ मोलिना यांनी १७८२ मध्ये याच प्राण्याचं शास्त्रीय नाव 'व्हिवेरा चिंगा' असं लिहिलं, आणि व्हिवेरा म्हणजे उदमांजरांचीच प्रजाती! पुढे ते 'कोनेपाटस चिंगा' झालं. व्हिवेरा गळालं, 'चिंगा' टिकलं. ते तिथल्या मापुचे लोकांच्या भाषेतून आलेलं. चिलीत आजही त्याला 'चिंगे' म्हणतात. स्पॅनिश लोकांनी तरी वेगळं काय केलं? 'सोर्रो' म्हणजे कोल्हा, त्यावरून सोरिनो, म्हणजे चिमुकला कोल्हा. हा प्राणी कोल्हाही नाही. (आणि हो, अर्जेंटिनात उच्चार 'सोरिनो', 'झ' नाही.)

आता उदमांजर का नको ते. आपल्याकडे हा शब्द आधीच ओढाताणीत आहे: कुणी कांडेचोराला म्हणतं, कुणी पाणमांजराला. शिवाय उदमांजर आणि सोरिनो यांच्या वासात जमीनअस्मानाचा फरक. उदमांजरांपैकी जवादी मांजराच्या ग्रंथीतला स्राव अत्तरात जायचा. सोरिनोच्या गुदद्वाराच्या दोन बाजूंना दोन ग्रंथी असतात. शेपूट उभारून तो नेम धरून पिचकारी मारतो. तिच्यात गंधकाची संयुगं असतात. उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदरात शिरताना वारा जमिनीकडून असला की हा वास बीगल जहाजावर यायचा, असं डार्विनने लिहून ठेवलंय. 'चिचुंदरी'ही सुचवली जाते, पण तिचा वास कुशीतल्या ग्रंथींचा. पिचकारी वगैरे भानगड नाही.

सोरिनोचं नाक मात्र बघण्यासारखं. पुढे आलेलं, रुंद, वरून केस नसलेलं, थेट डुकराच्या नाकासारखं. त्याने माती हुंगायची, पुढच्या पायांच्या लांब नखांनी उकरायची आणि भुंगेरे, अळ्या फस्त करायच्या. हिंडतो बहुतेक रात्री, एकटाच. म्हणून नेमकं मराठी नाव हवंच असेल तर 'डुक्करनाक्या स्कंक' म्हणा. बोजड आहे, पण खोटं नाही.

स्कंकना पूर्वी पाणमांजराच्या कुळात धरत. १९९०च्या दशकात जनुकांच्या अभ्यासावरून त्यांचं कूळ वेगळं काढलं. त्या कुळातले आशियातले प्राणी फक्त इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपीन्स या बाजूला. भारतात एकही नाही, मग घरगुती मराठी शब्द असणार कुठून?

अनुवादात पहिल्यांदा 'सोरिनो, म्हणजे तिथला स्कंक' एवढं लिहा. नंतर नुसतं सोरिनो. पुल्लिंगी चालवा. सामान्यरूप करू नका: 'सोरिनोचा', 'स्कंकचा'. 'स्कंकाचा' मला तरी कानाला खटकतं.